अनुआर ब्राहेम यांचे ऊदवादन कोणत्या अल्बमपासून ऐकावे?
१९९८ च्या ‘थिमार’पासून ऐकावे, कारण त्यात ट्युनिशियाच्या या वादकाचा ऊद (छेडून वाजवायचे अरबी तंतुवाद्य), जॉन सरमन यांचे सॅक्सोफोन व बास क्लॅरिनेट आणि डेव्ह हॉलंड यांचा डबल बास एवढेच असून, ड्रम नसल्याने ऊदचा हलका आघातही स्पष्ट ऐकू येतो. ब्राहेम यांनी अली स्रिती यांच्याकडे पारंपरिक अरबी संगीताचे दीर्घ शिक्षण घेतले असल्यामुळे जॅझवादकांच्या संगतीतही त्यांची सुरावट मकामातूनच, म्हणजे अरबी संगीतातील रागासारख्या स्वरचौकटीतूनच, उलगडते. रागविस्ताराची सवय असलेल्या कानांना ती फारशी परकी वाटू नये. मात्र ठळक लयीचा जॅझच हवा असेल, तर जॅक डीजॉनेट यांचे ड्रम असलेला २०१७ चा ‘ब्लू मकाम्स’ आधी घ्यावा. तंतुवाद्यवृंदाची साथ ऐकायची असेल, तर ‘सुव्हनांस’ हा अल्बम आहे.