पुल रिक्वेस्ट चार-चार दिवस रिव्ह्यूविना पडून राहतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की टीम सहा जणांची आहे, प्रत्येक पुल रिक्वेस्टला (म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, या विनंतीला) सगळ्यांनाच रिव्ह्यूअर, म्हणजे तो बदल तपासणारे, म्हणून लावता आणि तरी चार-चार दिवस कोणी ती उघडत नाही. माझ्या मते दुखणं तिथेच आहे. सगळ्यांची नावं दिसली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी बघेल. आमचंही असंच चालायचं. मग गिटहबवर (आम्ही कोड ठेवतो त्या साइटवर) आळीपाळीने एकेकाला नेमायची सोय आहे ती चालू केली. नाव लागलं की जबाबदारी त्याची. त्याला जमणार नसेल तर त्यानेच दुसऱ्याला गाठायचं.

पण सगळ्यात जास्त वेळ खातो तो बदलाचा आकार. बाराशे ओळी समोर आल्या की माणूस म्हणतो, निवांत बघू. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेत शंभरेक ओळींचा बदल साधारण ठीक आणि हजार ओळींचा बहुधा फारच मोठा, असं म्हटलंय. आमचा पेमेंटचा एक मोठा बदल नऊ दिवस पडून होता. तोवर मेन ब्रँच, म्हणजे सगळ्यांचा मुख्य कोड, इतकी पुढे गेली की कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेले दोन वेगळे बदल) सोडवताना दुसऱ्या कुणीतरी केलेली दुरुस्ती पुसली गेली आणि काही ग्राहकांना दोनदा परतावा गेला. तेव्हापासून आम्ही तुकडे पाडतो: आधी डेटाबेसचा बदल, मग नुसतं रीफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची फेरमांडणी), शेवटी फीचर फ्लॅगच्या (चालू-बंद करता येणाऱ्या स्विचच्या) आड नवं काम. वीस मिनिटांत वाचून होणारी रिक्वेस्ट लोक आपणहून उघडतात.

त्याच मार्गदर्शिकेतला आणखी एक नियम आम्ही जसाच्या तसा घेतला. पहिला प्रतिसाद जास्तीत जास्त कामाच्या एका दिवसात. ‘आज जमत नाही, उद्या अकरापर्यंत बघते’ एवढं कळवलं तरी समोरच्याला पुढचं ठरवता येतं. हातातलं एकाग्रतेचं काम तोडून मात्र रिव्ह्यूला धावू नका. मी सकाळी स्वतःचा कोड उघडण्याआधी आणि जेवणानंतर बघते. आमचे दोघं अमेरिकेत आहेत. त्यांच्या कोडमध्ये किरकोळ गोष्टी सापडल्या तर सूचना लिहून तिथल्या तिथे मंजुरी देते. नाहीतर एका व्हेरिएबलच्या नावापायी त्यांचा अख्खा दिवस जातो.

आठवण करायला संकोच नको. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) नियमांत पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवल्यावर किमान आठवडाभर थांबायला सांगितलंय, पण तिथे रिव्ह्यू करणारे जगभर विखुरलेले असतात. तुम्ही एका ऑफिसात बसता, दुसऱ्या दिवशी सरळ जागेवर जाऊन विचारा.

आणि लीडशी एक गोष्ट नक्की बोला: स्प्रिंटचा (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याचा) अंदाज बांधताना रिव्ह्यूचा वेळ धरला जातो का? आमच्याकडे धरत नव्हते. त्यामुळे मन लावून रिव्ह्यू करणारी आमची एक सहकारी दर स्प्रिंटला मागे पडलेली दिसायची. तिला ते फार लागायचं. आता आम्ही माणशी रोज एक तास धरतो.