वस्तीच्या पाट्या रंगवून पोट भरेल का?

चित्रकला-डिझाइन शिकणाऱ्या मुलांचे पालक माझ्यासारख्या करिअर समुपदेशकाकडे एक काळजी हमखास घेऊन येतात: समाजाची कामं करत बसली तर डिझायनर म्हणून पोरं कमावणार कधी? ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका मुलीची हकिकत सांगते.

अप्लाइड आर्टची, म्हणजे जाहिराती-पोस्टरांसारख्या उपयोजित कलेची पदवी घेतलेली ही मुलगी आईबरोबर आली. घरकामगार बायकांच्या मोर्चाचे फलक, अभ्यासिकेची भिंत, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची पोस्टरं, सगळं हिच्या हातचं. आई म्हणाली, "मॅडम, अख्ख्या वस्तीच्या पाट्या ही रंगवते, घरात रुपया येत नाही." मुलीची भीती निराळीच होती. जाहिरात एजन्सीत दाखवण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही, असं तिला वाटायचं. म्हणून पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामांच्या संग्रहात, तिने कधी बाजारात न आलेल्या कॉफीची आणि अत्तराच्या बाटल्यांची डिझाइनं भरली होती.

मी म्हटलं, फोनमधले फोटो दाखव. त्यात लसीकरणाची एक पाटी निघाली. आधीचा फ्लेक्स साक्षरता वर्गातल्या बायकांना वाचता येत नव्हता. ल आणि श हिंदी वळणाचे, ओळी इतक्या दाटीने की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसलेले. हिने त्या बायकांसोबत बसून ल-श मराठी वळणाचे केले, जोडाक्षरं मोकळी सोडली, मग रस्त्यापलीकडे उभं करून त्यांच्याकडून पाटी वाचून घेतली. जिथे त्या अडखळल्या तो शब्द पुन्हा लिहिला. कोणतीही चांगली एजन्सी हेच शिकवायला धडपडते आणि या मुलीने ते पोर्टफोलिओबाहेर ठेवलं होतं.

"हे का नाही दाखवलंस?"

"ते तर असंच केलं होतं, मॅडम."

या 'असंच'वर आम्ही बराच वेळ बोललो. तिला मी डिझायनर हनिफ कुरेशींचं काम पाहायला सांगितलं. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं त्यांनी फॉन्टमध्ये उतरवली आणि ती त्या पेंटरांच्या नावानिशी लोकांपुढे आणली. फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'ने मुक्ता, बलू असे देवनागरी फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतील असे खुले केले. अक्षरकार कमल शेडगे यांनी तर नाटकांची नावं लिहिता लिहिता उभी कारकीर्द घडवली. मागणीही आहे. दुकानांवर मराठी पाट्या लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत देऊन बजावलं. त्या घाईत लागलेल्या पाट्या एकदा नीट बघा, चांगल्या अक्षरांना किती वाव आहे ते दिसेल.

पोर्टफोलिओ तिने नव्याने लावला: मोजकी कामं, आधीचा आणि नंतरचा फोटो, वाचणारे कोण, किती अंतरावरून वाचणार, काय बदललं. ते तिला सहज जमलं.

पैशाचं मात्र जमेना. ज्या काकूंनी लहानपणी जेवू घातलं त्यांच्या बचत गटाला दर कसा सांगायचा? हा प्रश्न खरा आहे, त्याला मी कधीच हसण्यावारी नेत नाही. आम्ही ठरवलं की फुकटच्या कामाचंही बिल करायचं. त्यात पूर्ण रक्कम लिहायची आणि खाली 'संस्थेसाठी सूट'. रंग-ब्रशचा खर्च कुणाचा, बदल किती वेळा, तारीख कोणती, हेही लिहायचं. महिन्यात फुकट काम किती घ्यायचं ते तिने स्वतः ठरवलं. घरकामगारांची संघटना वर्गणीवर चालते, पण देणगी किंवा सीएसआरचा (कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो) निधी असलेल्या संस्थेच्या अंदाजपत्रकात प्रसिद्धीसाठी बहुतेक वेळा तरतूद असते. तिथे संकोच नको. 'नाही' म्हणायचा सराव आम्ही माझ्या खोलीतच केला. मी काकू झाले. सुरुवातीला तिच्या तोंडून शब्दच फुटेना, शेवटी म्हणाली, "काकू, या महिन्यात नाही जमणार, पण पुढच्या महिन्यात पहिलं काम तुमचं."

आता ती सकाळी एका छापखान्यात डीटीपी (संगणकावर मजकुराची मांडणी) करते. लसीकरणाची पाटी पाहून एका संस्थेने तिला आरोग्य केंद्रांच्या पाट्या दिल्या, निम्मे पैसे आगाऊ. आईची काळजी अजून पुरती मिटलेली नाही. छापखाना सोडू नकोस, म्हणते. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत माझंही तेच मत आहे.