सेक्रोपियाच्या खोडातला काळा थर: घाण नव्हे, जोपासलेली बुरशी

तुम्ही विचारलंय की कोस्टा रिकातल्या सेक्रोपिया या झाडाचं खोड उभं चिरल्यावर आत मुंग्या, पांढऱ्या अळ्या आणि भिंतीला चिकटलेला काळपट थर दिसतो, तो नेमका काय? मुंग्या एवढ्या टापटीप, मग तो साफ का करत नाहीत? आणि पानं कापणाऱ्या मुंग्यांची बुरशीची शेती म्हणतात ती हीच का?

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. ही ती शेती नव्हे. पानं कापणाऱ्या मुंग्या जमिनीखाली ल्युकोअ‍ॅगॅरिकस नावाची बुरशी वाढवतात. ती छत्रीवाल्या अळंब्यांच्या गोतावळ्यातली. सेक्रोपियाच्या खोडात असते ती कीटोथायरिएलीस गणातली: काळी, अगदी संथ वाढणारी, चिवट. तिची भावंडं उघड्या खडकावर आणि क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते तेल) फासलेल्या लाकडावरसुद्धा तग धरतात. दोघींचा एकमेकींशी दूरचाच संबंध.

आता मूळ मुद्दा. तो थर मुंग्यांनी मुद्दाम राखलेला असतो, आणि त्याची सुरुवात राणीपासून होते.

सेक्रोपियाचं खोड आतून पोकळ असतं, पेरापेरात आडवे पडदे. प्रत्येक पेराच्या भिंतीत एक पातळ जागा असते. नुकतं मीलन झालेली अ‍ॅझ्टेका मुंग्यांची राणी ती जागा कुरतडून आत शिरते. मग आतल्या भिंतीचं मऊ भेंड खरवडते, त्यानं आल्या वाटेचं भोक बुजवते आणि एकटीच कोंडून घेते. खरवडलेल्या भेंडाचा एक छोटा ढीग ती आत रचते. काळी बुरशी याच ढिगावर उगवते, तेही राणीनं पहिली अंडी घालण्याच्या आधी.

बंद पेरात बुरशी आली कुठून? वेरोनिका मायर आणि सहकाऱ्यांनी सेक्रोपियाच्या तीन आणि अ‍ॅझ्टेकाच्या चार जातींवर काम करून २०१८ साली याचं उत्तर दिलं. मुंगीच्या तोंडात एक बारीकशी पिशवी असते, खाताना आलेला कचरा तिथे साठतो. उडायच्या तयारीत असलेल्या राण्यांच्या या पिशव्या उघडून पाहिल्या तर त्यांत बुरशीचे तंतू सापडले. शिवाय नव्या राण्यांच्या ढिगांवरची बुरशी आणि जुन्या वसाहतींमधली बुरशी यांचा जनुकीय ताळा जमला. म्हणजे लेक सासरी जाताना माहेरचं विरजण बरोबर नेते, तसंच हे. आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. नत्राचा जड समस्थानिक (नत्राचाच, पण वजनानं किंचित जड अणू) खुणेसारखा वापरून त्यांनी तपासलं की ही बुरशी खातं कोण. राणी स्वतः खात नाही. ती अळ्यांना भरवते. बाहेरून अन्न आणणारी एकही कामकरी मुंगी अजून जन्मलेली नसते, त्या दिवसांतली ही सोय आहे.

झाडाला यात काय मिळतं, हे समजून घ्यायला आफ्रिकेत जावं लागतं. कॅमेरूनच्या जंगलात लिओनार्डोक्सा आफ्रिकाना नावाचं शेंगवर्गीय झाड आहे. त्याच्या फुगीर, पोकळ फांद्यांत पेटॅलोमर्मेक्स फायलॅक्स या मुंग्या राहतात. एमानुएल देफोसे, रुमसाइस ब्लात्रीक्स आणि सहकाऱ्यांनी अशी १३९ झाडं पाहिली. आत डोकावायला एंडोस्कोप (पोकळीत घालून पाहायची बारीक नळी) लावलेला कॅमेरा वापरला. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेलं निरीक्षण अगदी नि:संदिग्ध आहे: झाडाची राखण करणाऱ्या मुंग्या जिथे होत्या त्या प्रत्येक घरात बुरशी होती. नुसत्या घुसून बसलेल्या, झाडाच्या कामाला न येणाऱ्या मुंग्यांच्या घरात ती एकदाही सापडली नाही. तुमच्या "साफ का करत नाहीत"ला यापेक्षा नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. बुरशी दुर्लक्षामुळे साचली असती तर ती कुणाच्याही घरात दिसली असती.

मग त्यांनी मुंग्यांना खूण केलेलं अन्न दिलं आणि ते नत्र कुठे जातं ते पाहिलं (२०११). ते झाडाच्या पेशींपर्यंत पोचलं, पण बुरशीत त्याहून जास्त साठलं. पुढच्याच वर्षी उलटी वाटही दाखवली: बुरशीतलं अन्न मुंग्यांच्या अंगात जातं. नत्राची चणचण असलेल्या त्या चिमुकल्या घरात मुंग्यांची विष्ठा आणि उष्टंखरकटं वाया जात नाही. बुरशी ते पचवते, काही भाग मुंग्यांना परत मिळतो, काही झाडाला. म्हणून "झाड घर देतं, मुंग्या राखण करतात" हे दोघांच्या सौद्याचं चित्र मला अपुरं वाटतं. शाळेच्या पुस्तकात ते ठीक आहे, पण हिशेबात तिसरा भागीदार धरला नाही तर नत्राचा ताळेबंद जुळतच नाही.

खेद याचा वाटतो की ही बुरशी दिसली नव्हती असं नाही. ह्युगो मीहे यांनी १९११ मध्ये जावामधल्या मर्मेकोडिया या मुंग्यांना थारा देणाऱ्या वनस्पतीच्या गाठीत ती नोंदवली होती, अर्व्हिंग बेली यांनी १९२० मध्ये तिच्याबद्दल लिहिलं होतं. पुढे बराच काळ सगळ्यांचं लक्ष मुंग्यांच्या चाव्यावर आणि मधुरसावर राहिलं.

फ्रेंच गयानात तर बुरशी बांधकामालाही लागते. हर्टेला फिझोफोरा या झुडपावरच्या अ‍ॅलोमेरस मुंग्या खोडावरची लव कापतात, ती बुरशीच्या तंतूंनी एकत्र बांधतात आणि फांदीवर भोकाभोकांचं छत उभारतात. प्रत्येक भोकाखाली एकेक मुंगी जबडा वासून दबा धरते. एखादा मोठा टोळ वर बसला की त्याचे पाय, मिशा चहूकडून ओढून त्याला ताणून धरतात.

आता एक सावधगिरी. मुंग्या झाडाचं रोगजंतूंपासूनही रक्षण करतात असं सरसकट लिहू नका, कारण पुरावा झाडागणिक बदलतो. अकेशिया हिंडसाय या बाभळीच्या जातकुळीतल्या झाडावर खऱ्या जोडीदार मुंग्या असतील तर पानांवर जिवाणू कमी आणि रोगाचे डागही कमी असतात. आयतोबा मुंग्या असतील तर दोन्ही वाढतात, आणि यात मुंग्यांच्या अंगावरच्या जिवाणूंचाही हात असावा, असं २०१४ च्या कामातून दिसलं. पण सेक्रोपिया पेल्टाटामधल्या अ‍ॅझ्टेका अल्फारीचा २०१९ चा अभ्यास वेगळं सांगतो. त्यात अळ्या वाढवायच्या खोलीत जिवाणूंचे प्रकार कमी होते, मुंग्या प्रत्यक्ष राहतात त्या खोल्यांत प्राण्यांना रोग देणारे जंतू दबलेले होते. झाडाला रोग देणारे मात्र तसेच होते. तिथे मुंग्या आपल्या बाळांना जंतूंपासून जपतात, झाडाला नाही.

औषधांबद्दलही एक ओळ, कारण हा प्रश्न नेहमी येतो. केनियातल्या शिट्टी-बाभळीच्या फुगीर काट्यांत राहणाऱ्या टेट्रापोनेरा पेन्झिगी मुंग्यांवरून स्ट्रेप्टोमायसिस फॉर्मिसी हा जिवाणू मिळाला. त्याच्यापासून फॉर्मिकामायसिन ही संयुगं वेगळी केल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसएसारख्या जंतूंवर ती प्रयोगशाळेत चालतात. दुकानात मिळणारं औषध अजून नाही.

असं झाड प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कोस्टा रिका गाठायची गरज नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, कर्नाटक-केरळच्या सदाहरित जंगलांत हम्बोल्टिया ब्रुनोनिस आहे. पेरं फुगीर, आतून पोकळ, आणि त्यांना आपोआप उघडणारी फट. एकाच रानात काही झाडांना अशी पेरं असतात, काहींना नसतात, म्हणून शेजारशेजारची झाडं ताडून पाहा. फटीशी मुंग्यांची ये-जा दिसेल आणि नशीब असेल तर पेरियोनिक्स पुलस हे झाडावर राहणारं गांडूळही, तेही याच पोकळीत बिऱ्हाड करतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या झाडावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांनी दाखवलंय की राखण न करणाऱ्या रहिवाशांकडूनही झाडाला नत्र मिळतं. फांदी मोडून आत पाहायचा मोह होईल, तो टाळा. भिंग घेऊन फटीपाशी थोडा वेळ थांबलात तरी आत-बाहेर काय नेलं जातं ते कळतं.