प्रोलॉगमध्ये \+ असताना डिफीझिबल लॉजिक प्रोग्रॅमिंग वेगळं शिकायची गरज आहे का?

प्रोलॉग या तर्कनियमांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत अपवाद \+ हे नकाराचं चिन्ह लावून लिहिता येतात, मग ‘सहसा खरे, पण अपवाद असलेले’ नियम लिहिण्याची ही नवी पद्धत कशाला, असं तुम्ही विचारलंय. नियम दोन-चारच असतील तर खरंच गरज नाही. पण नियम वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेले असतील, तर जरूर शिका.

\+ म्हणजे ‘खोटं आहे’ नव्हे, तर ‘सिद्ध करता आलं नाही’. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये त्याला तार्किक पाया दिला. अडचण अशी की अपवाद नियमाच्या पोटातच लिहावा लागतो. ‘असामान्य’ असं वेगळं प्रेडिकेट (गुणधर्माचं नाव) करून नियमात एकदाच त्याला \+ लावलं तर जुना नियम उघडावा लागत नाही, पण कोणता नियम कोणावर मात करतो याचा हिशेब तुमच्याच डोक्यात राहतो.

हे तीन नियम पाहा: सस्तन प्राणी सहसा उडत नाहीत. वटवाघळं सहसा उडतात. पंख फाटलेलं वटवाघूळ सहसा उडत नाही. ‘वटवाघूळ सस्तन आहे’ हा मात्र ठाम नियम.

गार्सिया आणि सिमारी यांनी २००४ मध्ये मांडलेल्या डेल्प (DeLP, म्हणजेच डिफीझिबल लॉजिक प्रोग्रॅमिंग) पद्धतीत हे तीनही नियम, एकमेकांचा उल्लेख न करता, शेजारी शेजारी राहतात. प्रश्न आला की त्यांतून युक्तिवाद उभे राहतात. ‘सस्तन आहे, म्हणून उडत नाही’ हा पहिला. तो ‘वटवाघूळ आहे, म्हणून उडतं’ या दुसऱ्याने खोडला जातो, कारण दुसरा अधिक नेमक्या माहितीवर उभा आहे. मग फाटलेल्या पंखाचा तिसरा दुसऱ्याला खोडतो आणि पहिला पुन्हा उभा राहतो! मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. कोणी कोणाला खोडलं याचं अख्खं झाड हाती येतं, त्यामुळे उत्तरामागचं कारण माणसाला दाखवता येतं. कायद्याच्या किंवा वैद्यकीय नियमांसाठी हे मला अत्यावश्यक वाटतं.

उत्तरंही चार प्रकारची: हो, नाही, अनिर्णित, अज्ञात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होते आणि रिपब्लिकन पक्षाचेही. क्वेकर सहसा शांततावादी असतात, रिपब्लिकन सहसा नसतात, मग निक्सन? इथे कोणतीच माहिती अधिक नेमकी नाही, म्हणून डेल्प सरळ ‘अनिर्णित’ म्हणतं. प्रामाणिक उत्तर तेच आहे.

वेग हवा असेल आणि नियमांचा अग्रक्रम तुम्ही स्वतः ठरवून देणार असाल, तर डोनाल्ड न्यूट यांचं डिफीझिबल लॉजिक ही डेल्पहून वेगळी पद्धत आधी पाहा. त्याच्या प्रपोझिशनल (नियमांत चलपदं नसलेल्या) रूपात निष्कर्ष काढायला लागणारा वेळ नियमसंचाच्या आकाराच्या प्रमाणातच वाढतो, हे मायकेल मेहर यांनी २००१ मध्ये सिद्ध केलंय.