नाशिकमध्ये सत्तेला न आवडणारं नाटक करता येतं का? पोलीस अडवतात का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या ग्रुपला स्थानिक राजकारणावर नाटक बसवायचंय, पण पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून घरचे नको म्हणतात. मी नाशिकच्या हौशी रंगभूमीवर बावीस वर्षं आहे. घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण तुमच्या नाटकाला कात्री लागलीच, तर बहुतेक पोलिसांपर्यंत पोहोचायच्या आधी लागेल, आणि ती लावणारे आपल्यातलेच असतील.

आधी कागदपत्रांचं सांगतो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आमच्याकडे अजूनही ‘सेन्सॉर झालं का?’ असंच विचारतात. ही पद्धत उभी आहे ती १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ वर. पथनाट्य करणार असाल तर त्याच कायद्याचं कलम ३७ वाचा. सण, मोर्चे, निवडणुका जवळ आल्या की शहरात जो मनाई आदेश निघतो, तो या कलमाखाली. त्यात शस्त्रं आणि दगड जमवण्याच्या बरोबरीने हावभाव करणं, सोंग आणणं हेही येतं. सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधा आणणारं असेल तरच, हे खरं. पण तसं आहे की नाही हे अधिकारी ठरवणार. पहिल्यांदा तो आदेश वाचला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. हावभाव आणि सोंग काढून घेतलं तर नटाकडे उरतं काय?

नाटक आणि पोलीस हे नातं आपल्या गावाला नवीन नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सन प्रेक्षक म्हणून आला होता आणि अनंत कान्हेरे यांनी त्याला तिथेच गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी सरकारने खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली, कारण कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. इंग्रजांनी नाटकांना आवर घालायला १८७६ मध्ये केलेला कायदा तर रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

आता आमचं ऐका. काही वर्षांपूर्वी आम्ही गोदाकाठच्या जमिनींवर एक नाटक बसवलं. तालमी रात्री नऊनंतर जुन्या नाशकातल्या एका शाळेच्या वर्गात चालायच्या. त्यात एक म्हातारी नावाडीण होती. ती म्हणायची, “नदी कुनाची? ज्याचा बोर्ड मोठा त्याची.” सेन्सॉरने या वाक्याला हात लावला नव्हता. प्रयोगाला आठ दिवस राहिले असताना संस्थेतले एक ज्येष्ठ सदस्य तालमीला आले. संहिता बाकावर ठेवून त्यांनी लाल पेनने त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, “अरे, हॉलचं भाडं कोण देतंय ते तरी बघ.” भाडं एक स्थानिक पुढारी देणार होता. त्याने संहिता वाचली नव्हती, फोन केला नव्हता, काहीही मागितलं नव्हतं. वाक्य आम्हीच काढलं. मी दिग्दर्शक होतो, त्यामुळे मीच काढलं म्हणा. नावाडीण करणारी मुलगी काही बोलली नाही. तिने प्रयोग केला, दुसऱ्या दिवशी साडी धुऊन, इस्त्री करून परत आणून दिली आणि नंतर आमच्याकडे फिरकली नाही.

प्रयोगाला साध्या वेशातला एक पोलीस आला होता. आयोजक कोण, किती पात्रं, पुढचा प्रयोग कुठे, एवढं त्याने डायरीत उतरवलं, चहा घेतला आणि गेला.

मोठ्या व्यासपीठांवरही हेच चालतं. २०१९ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाला लेखिका नयनतारा सहगल उद्घाटक म्हणून येणार होत्या. त्यांचं निमंत्रण मागे घेतलं ते आयोजकांनीच. याच संमेलनाच्या व्यासपीठावरून १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत, कऱ्हाडला दुर्गा भागवत सरकारविरुद्ध बोलल्या होत्या, तेही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. त्या बोलल्या म्हणून आज आपण ते सांगतो. गप्प राहिलेल्यांना कुणी अटक केली नाही, आणि त्यांचं नावही कुठे येत नाही. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकाचंही तसंच. सेन्सॉरने अडवल्यावर दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. सरकारी नकार कागदावर असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. “जरा सांभाळून घे रे” याच्याविरुद्ध कुठे जाणार?

म्हणून तुम्हाला सांगतो, सेन्सॉर वेळेत करून घ्या आणि प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स जवळ ठेवा. पथनाट्य असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाही म्हणाले तर लेखी नकार मागा. तोंडी नकारावर घरी परतू नका. खर्च तिकिटातून आणि वर्गणीतून काढा, कार्यक्रमपत्रिकेवर कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो नको. कालिदास नाट्यगृहाचं भाडं झेपत नसेल तर वर्गात करा, गच्चीवर करा. आणि तालमीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवा की संहितेतलं वाक्य काढायचं असेल तर ते म्हणणाऱ्या नटाला विचारल्याशिवाय काढायचं नाही.

आम्ही ते नाटक पुन्हा बसवतोय. वाक्य परत घातलंय. गेल्या रविवारी त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. तिने संहिता ठेवून घेतली आहे.