वाचकांचे प्रश्न : छापखान्यातले पेट्रोल, रॉकेल आणि त्यांना पर्याय

प्रश्न : आमच्याकडे दोनरंगी ऑफसेट मशीन आहे. ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर नेणारे रबरी आवरण) आणि रोलर पेट्रोल-रॉकेलने धुतो. मध्यंतरी वनस्पती तेलापासून बनवलेला वॉश (धुण्याचा द्रव) आणून पाहिला, पण धुतल्यावर कितीतरी कागद तेलकट निघाले आणि शाई वाळेना. मशीनमन पुन्हा पेट्रोलकडे वळला. चुकले काय? — एक वाचक, नागपूर

उत्तर : वॉश वाईट नसावा, तो पेट्रोलसारखा वापरला गेला. पेट्रोल उडून जाते, त्यामुळे कितीही ओतले तरी खपते. वनस्पतिजन्य एस्टर, म्हणजे तुमच्या वॉशमधला तेलापासून बनवलेला द्रव, जवळजवळ उडतच नाही. तो जेवढा लावाल तेवढा पुसून काढावा लागतो. राहिला की शाईत मिसळतो, शाई पातळ पडते आणि वाळायला वेळ घेते.

बाटली चिंधीवर उपडी करू नका. मोजमापाने घ्या; 19 × 26 इंची मशीनच्या एका ब्लँकेटला 20 मिलीने सुरुवात करा. चिंधी ओली हवी, टपकती नको. ब्लँकेटवर सगळीकडे फिरवा आणि अर्धा-एक मिनिट थांबा, कारण एस्टर शाईत हळू शिरतो. ही थांबायची पायरीच मशीनमन गाळतो आणि मग आणखी ओततो. विरघळलेली शाई पुसल्यावर पाण्याने ओलसर केलेली दुसरी चिंधी फिरवा, शेवटी कोरडी. पाण्याचा हात टाळला तर तेलकट थर राहणारच. रोलरवर वॉश दोन-तीन हप्त्यांत घाला, प्रत्येक वेळी मिनिटभर फिरू द्या, मग वॉश-अप ट्रेची (रोलरवरचा मळ खरवडून घेणाऱ्या तबकाची) पाती टेकवा आणि शेवटचा हप्ता पाण्याचा ठेवा. पाती झिजली असेल तर महागातला महाग वॉशही रोलर साफ करणार नाही.

पैसे वाचवायला किराणा दुकानातले सोयाबीन तेल वापरू नका. ते दाट असते आणि हवेत हळूहळू वाळून रबरावर चिकट साय धरते. रबरही तपासा : साध्या शाईचे नायट्राइल रोलर बहुतेक एस्टरना टिकतात, पण यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या) शाईसाठी बसवलेले ईपीडीएम रोलर तेलाने फुगतात. शंका असेल तर जुन्या रोलरचा तुकडा एक दिवस वॉशमध्ये बुडवून आधी आणि नंतर जाडी मोजा.

चिंध्यांची मात्र नवी काळजी येते. वनस्पती तेलाने माखलेल्या चिंध्या ढिगात पडल्या तर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन आतून तापतात, कधी आपोआप पेटतात. घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा आणि रोज संध्याकाळी छापखान्याबाहेर न्या.

तरीही नागपूरकरांनी पेट्रोल-रॉकेल सोडायलाच हवे. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांनाही पेट घेऊ शकते; शिवाय त्यात बेंझीन असते, ज्याने रक्ताचा कर्करोग होतो. रॉकेलचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) साधारण 40 अंशांच्या आसपास, म्हणजे मे महिन्यात तुमची खोलीच तिथे पोचलेली असते. चांगल्या एस्टरचा 100 अंशांच्या वर असतो. एकदम एस्टरवर जाणे जमत नसेल तर 60 अंशांहून जास्त ज्वलनबिंदूचा, बेंझीनच्या जातीचे (ॲरोमॅटिक) घटक कमी असलेला पेट्रोलियम वॉश हा मधला मुक्काम.

प्रश्न : फाउंटनमध्ये (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात) 10 टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालतो. ते बंद करता येईल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येईल, पण एका दिवसात नाही. आयपीए पाण्याचा पृष्ठताण कमी करते आणि त्याला थोडा दाटपणा देते, म्हणून पाण्याचा थर एकसारखा बसतो. झिजलेले, कडक झालेले रोलर आणि चुकलेला दाब हे सगळे दोष ते झाकते. आयपीए काढले की हे उघडे पडतात आणि दोष पर्यायी द्रवाला दिला जातो.

आधी डॅम्पनिंगचे (प्लेटला पाणी लावणारे) रोलर साफ करा, त्यांचा कडकपणा आणि दाब मशीनच्या पुस्तकाप्रमाणे लावा. मग आठवड्याला 2 टक्के आयपीए कमी करा आणि पर्यायी फाउंटन द्रव लेबलवरच्या मात्रेत घाला. सामू (पीएच) 4.8 ते 5.3 ठेवा, पण त्यावरच विसंबू नका : द्रवात बफर (सामू स्थिर ठेवणारे घटक) असल्याने मात्रा चुकली तरी सामू जागचा हलत नाही. विद्युतवाहकता मोजा. आधी नुसत्या पाण्याची, मग 1 टक्का द्रव घालून, मग 2, मग 3. हे आकडे भिंतीवर लावा. आयपीए मिसळलेल्या पाण्याची वाहकता कमी दिसते, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना करू नका. कोऱ्या जागेत शाई धरू लागली तर लगेच पाणी वाढवू नका. आधी रोलर बघा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, “हा वॉश पेटत नाही, म्हणजे सुरक्षित.” — एक वाचक, भिवंडी

उत्तर : पेटत नाही याचा अर्थ त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असू शकतो. मिथिलीन क्लोराईड सहज पेटत नाही, पण श्वासाला घातक आहे. जपानमधल्या ओसाका शहरात एका प्रूफ छापणाऱ्या कंपनीत 1,2-डायक्लोरोप्रोपेन आणि मिथिलीन क्लोराईडने ब्लँकेट धुणाऱ्या कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे 2012 मध्ये उघड झाले. खोलीत हवा खेळती नव्हती. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1,2-डायक्लोरोप्रोपेन हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवला.

विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मागा. भाग 3 मध्ये घटक असतात, भाग 9 मध्ये ज्वलनबिंदू. घटकांपुढच्या सीएएस क्रमांकांत (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) 78-87-5 (1,2-डायक्लोरोप्रोपेन) किंवा 75-09-2 (मिथिलीन क्लोराईड) दिसला, तर डबा परत करा. 110-54-3 म्हणजे एन-हेक्सेन. त्याने हातापायाच्या नसा बधिर होतात. पत्रकच मिळत नसेल तर तो वॉश घेऊ नका.