स्लॅब टाकायचा की कौलंच ठेवायची?

प्रश्न : ताई, गुहागर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. भिंती जांभ्याच्या, बांधकाम मातीतलं, वर मंगलोरी कौलं. माकडं दरवर्षी कौलं फोडतात आणि पावसाळाभर माजघरात बादल्या ठेवाव्या लागतात. मुंबईच्या भावांनी आता पैसे पाठवलेत. ठेकेदार म्हणतो, कौलं उतरवू आणि त्याच भिंतींवर स्लॅब टाकू, चिऱ्याला काही होत नाही. घर साधारण 600 चौरस फुटांचं आहे. टाकू का?

उत्तर : नका टाकू. ठेकेदाराचं अर्धं बोलणं खरं आहे. चिऱ्याला खरंच काही होत नाही. पण तुमची भिंत नुसती चिऱ्याची नाही, दोन चिऱ्यांमध्ये माती आहे.

वजनाचा हिशेब करू. वासे, रीप, कौलं सगळं धरून तुमचं आजचं छप्पर चार-पाच टनांचं असेल. पाच इंची स्लॅब 600 चौरस फुटांवर टाकलात की 17-18 टन झाले. वर कोबा आणि खालून गिलावा धरला तर आकडा 25 च्या पुढे जातो. एवढं वजन मातीच्या सांध्यांवर येणार, आणि सरळ उभंही येणार नाही. मे महिन्यात स्लॅब तापून पसरतो आणि भिंतीचा वरचा थर बाहेर ढकलतो. मग कोपऱ्यांत जिन्यासारख्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भेगा दिसतात. लोक त्या सिमेंटने बुजवतात, पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा उघडतात.

शिवाय कोयना तुमच्यापासून लांब नाही, कुंभार्ली घाट चढला की आलीच. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात तिथली दगडी घरं पडली. 1993 मध्ये किल्लारीला तेच झालं. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, त्याखाली माणसं गेली. हलकं छप्पर डोक्यावर असणं ही तुमच्या घराची जमेची बाजू आहे, ती पैसे देऊन कशाला घालवायची?

ठेकेदार आता म्हणेल, कोपऱ्यांत कॉलम उभे करू. कॉलम म्हणजे त्यांच्या पायांसाठी खड्डे, आणि ते जुन्या पायाला खेटून, म्हणजे जुना पायाच हलायची भीती. त्यापेक्षा घर पाडून नवीन बांधतो असं सरळ म्हणावं.

तुमचं दुखणं माकडं आणि गळती. त्याला उपाय स्वस्त आहे. शिमगा झाला की कौलं उतरवा. वाशांची भिंतीत गेलेली टोकं चाकूने टोचून बघा, वाळवी बहुतेक तिथेच असते. बाहेरून ठणठणीत दिसणारा वासा टोकाला भुसा झालेला असतो. चांगले वासे ठेवा, बाकीच्यांच्या जागी लोखंडी चौकोनी पाइप घाला. त्यावर पत्रा, पत्र्यावर पट्ट्या आणि पट्ट्यांवर तुमचीच जुनी कौलं. माकडाने कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, आणि कौलांमुळे पत्रा तापत नाही. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला सांगा. खाचेत मारलेला स्क्रू पहिल्याच मृगात गळतो.

छप्पर उघडं असतानाच आणखी एक काम उरका. चारही भिंतींच्या माथ्यावर सहा इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा फिरवा. त्यात 10 मिलिमीटरच्या चार सळया घाला आणि कोपऱ्यांत त्या वळवून सलग न्या, तिथे तोडू देऊ नका. भिंती एकमेकींना बांधल्या जातात त्या याच पट्ट्याने. पैसे कमी पडले तर फरशी पुढच्या वर्षी करा, पट्टा मात्र सोडू नका.

हल्ली अवकाळी मे महिन्यातच गाठतो. उघड्या मातीच्या भिंतीत पाणी मुरलं तर फार वाईट, म्हणून ताडपत्री आधी आणून ठेवा आणि मगच पहिलं कौल काढा.

प्रश्न : बारामतीजवळ आमच्या घराचा पहिला स्लॅब पडतोय. खोल्या 12 फुटी आहेत. इंजिनिअर एकदाच येऊन गेले. त्या दिवशी आम्ही घरच्यांनी काय बघावं?

उत्तर : पाणी आणि पाय.

पाणी म्हणजे काँक्रीटच्या मालात पडणारं. सिमेंटच्या 50 किलोच्या एका गोणीला सगळं धरून 25 लिटर पुरे, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. रंगाची रिकामी 20 लिटरची बादली मिक्सरशेजारी ठेवा आणि मोजूनच घालायला लावा. पाइप थेट मिक्सरमध्ये सोडलेला दिसला तर काम थांबवा. माल जड होतोय, पसरत नाही, अशी कुरकुर होईलच. त्यासाठी पाणी न वाढवता माल सैल करणारं प्लास्टिसायझर मिळतं आणि माल हलवून बसवणारा व्हायब्रेटर असतो. पातळ माल फक्त ओतणाऱ्याच्या सोयीचा.

पाय म्हणजे घमेली वाहणाऱ्यांचे. छज्जाची आणि बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. माणसं तिच्यावरून चालतात, ती दबून खाली जाते, आणि सेंट्रिंग काढताना छज्जा माणसासकट खाली येतो. वरच्या सळईखाली खुर्च्या, म्हणजे तिला उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे टेकू, बांधल्यात का ते आदल्या संध्याकाळी बघा आणि चालायला फळ्या टाकायला लावा. खालच्या सळईखाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे, हवेत. खडीचे तुकडे सरकवलेले चालणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर छोटे बांध घालून आळी करा आणि त्यात पाणी भरा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान 10 दिवस ते हटू देऊ नका. 12 फुटांच्या खोलीचे टेकू काढायला बांधकामाच्या नियमांच्या पुस्तकात किमान सात दिवस दिलेत, पण ते साध्या सिमेंटचे. पीपीसीला मी 14 धरते. सेंट्रिंगवाल्याला पुढच्या साईटची घाई असते, म्हणून हे दिवस आधीच कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : पुण्यात फ्लॅटची नाहणी नवी करतोय. खालच्यांच्या छताला ओल आहे. जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या तर चालेल का?

उत्तर : ओल नसती तर चाललं असतं. टाइल पाणी अडवत नाही, ते सांध्यांतून खाली जातंच. आधी दोन दिवस नाहणी कोरडी ठेवा, पण नळांना पाणी चालू असू द्या. ओल वाढली तर दोष पाइपात, सुकायला लागली तर फरशीत किंवा सांडपाण्याच्या जाळीभोवती. फरशीत निघाला तर खालपर्यंत उकरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. मग जाळी बंद करून 48 तास पाणी साठवा आणि खालच्यांना त्यांचं छत दाखवायला सांगा. टाइल्सवाल्याला त्यानंतरच बोलवा.